श्रद्धेला विज्ञानाचा शिक्का कशासाठी हवा?

विवेकार्थी (मूळ लेख)

सिंहस्थ जवळ येऊ लागला तशी एक जुनी चित्रफीत नाशिककरांच्या मोबाइलवर पुन्हा फिरू लागली आहे. तिच्यात सांगितले जाते की, भारताचा किरणोत्सर्गाचा नकाशा पाहिला तर अणुभट्ट्यांखालोखाल सर्वाधिक किरणोत्सर्ग बारा ज्योतिर्लिंगांच्या ठिकाणी आढळतो. शिवलिंग हीच मुळात एक अणुभट्टी असून ती थंड राहावी म्हणून पूर्वजांनी जलाभिषेकाची योजना केली. आणि मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुभट्टीचा घुमट शिवलिंगासारखा दिसतो तो याच ज्ञानामुळे. पडद्यावर त्र्यंबकेश्वराचा कळस, मागे डमरूचा नाद, आणि ज्याला हे पटत नाही तो धर्मद्वेष्टा समजावा, असे शेवटचे वाक्य.

हा दावा तपासणे अवघड नाही. नैसर्गिक किरणोत्सर्ग मुख्यतः खडकांतील आणि मातीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्यामुळे होतो. आपल्या देशात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळते ते केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील करुनागप्पळ्ळीच्या किनारपट्टीसारख्या भागांत, कारण तेथील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे. त्या किनाऱ्यावर एकही ज्योतिर्लिंग नाही. याउलट ब्रह्मगिरी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाचा आहे, आणि ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसॉल्टमध्ये ही मूलद्रव्ये फारच कमी असतात. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर आणि घृष्णेश्वर ही तिन्ही स्थाने याच पाषाणावर उभी आहेत. तुर्भ्याची 'सायरस' ही अणुभट्टी कॅनडाच्या सहकार्याने उभारली गेली आणि १९६० मध्ये कार्यान्वित झाली. घुमटाकार कवच जगभरातील कितीतरी अणुभट्ट्यांना असते, कारण तो आकार आतला दाब सर्व बाजूंना सारखा वाटून घेतो.

त्र्यंबकराजासमोर हात जोडणाऱ्या माणसाला माझा यत्किंचितही विरोध नाही. त्याने कोणताही दावा केलेला नसतो. त्याला दर्शन हवे असते आणि ते त्याला मिळते. माझा विरोध आहे तो या चित्रफितीच्या रचनेला. दावा करताना ती विज्ञानाचे नाव घेते, म्हणून माणसाला वाटते की कोणीतरी मोजमाप केलेले असणार. पण मोजमाप कोणी, कधी, कोणत्या उपकरणाने केले असे विचारताच ती विज्ञान सोडून भावनेच्या आश्रयाला जाते आणि विचारणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवते. छद्मविज्ञान आणि मूलतत्त्ववाद हे दोन वेगळे रोग आहेत असे आपण मानतो, परंतु या एका वळणावर ते एक होतात. ज्याला तपासणी नको आहे पण तपासणीतून येणारी प्रतिष्ठा मात्र हवी आहे, त्याला शेवटी प्रश्न बंद करावेच लागतात.

याचे परिणाम किरकोळ नसतात. सगोत्र विवाहाच्या बंदीमागे 'वाय' गुणसूत्राचे शास्त्र आहे, हा असाच एक लोकप्रिय दावा. 'वाय' गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मुलीकडे जातच नाही. त्यामुळे वधू आणि वर यांचे 'वाय' गुणसूत्र एक असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाह रूढ आहे. तेथे गोत्र वेगळे असते, पण दोघांच्या जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. वीस पिढ्यांपूर्वी फुटलेल्या दोन सगोत्र घराण्यांत मात्र त्या नात्यातून आलेले समान असे जवळपास काहीच उरत नाही. म्हणजे ज्या धोक्याच्या नावाने गोत्रबंदी सांगितली जाते, तो धोका ही प्रथा टाळत नाही. पण 'शास्त्र' हा शब्द एकदा चिकटला की आंतरजातीय विवाहाला विरोध करणाऱ्या बापालाही आपण मागासलेले नसून वैज्ञानिक आहोत असे वाटू लागते. २०१३ च्या जून महिन्यात याच नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या एका गरोदर तरुणीचा तिच्या जन्मदात्यानेच खून केला. त्या घटनेनंतर जातपंचायतींच्या विरोधात महाराष्ट्रभर मोहीम उभी राहिली आणि पुढे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला. रक्तशुद्धीची कल्पना तेव्हा रूढीच्या भाषेत बोलत होती. आज ती गुणसूत्रांच्या भाषेत बोलते आणि म्हणून सुशिक्षितांच्या घरातही तिला सहज प्रवेश मिळतो.

आपल्या करमणुकीच्या माध्यमांनी या कामाला मोठा हातभार लावला आहे. मालिकांतील एक प्रसंग तर आता ठरूनच गेला आहे : रुग्णालयातील यंत्रावर सरळ रेषा उमटते, डॉक्टर चष्मा काढून मान हलवतात, त्याच क्षणी नायिका मंदिरातील घंटा वाजवते आणि रेषा पुन्हा हलू लागते. शंका घेणारे पात्र शेवटी नतमस्तक होते किंवा खलनायक तरी ठरते. शंका घेतल्यामुळे एखाद्याचे प्राण वाचले, असा भाग माझ्या पाहण्यात नाही. पॉडकास्टमध्ये तर दोन तास बोलणाऱ्या पाहुण्याला 'हे आपल्याला कसे कळले?' एवढा एक प्रश्न विचारला जात नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर हाच प्रश्न आयुष्यभर विचारत राहिले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. २०२४ मध्ये न्यायालयाने दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप सुनावली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले, तो त्यांच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांत विधिमंडळाने मंजूर केला. या दोन गोष्टी ज्यांच्या लक्षात आहेत, त्यांनी किरणोत्सर्गाच्या चित्रफितीकडे निरुपद्रवी गंमत म्हणून पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पंचवटीकर

आपला लेख लक्षपूर्वक वाचला. ती चित्रफीत खोटी आहे हे मला मान्य आहे आणि ती पाठवणाऱ्यांना मी स्वतः तसे सांगतो. पण एका खोट्या चित्रफितीपासून निघून आपण ज्या वेगाने खुनापर्यंत पोहोचता, तो वेग मला मान्य नाही. रामकुंडावर आईच्या अस्थी विसर्जित करून पायऱ्यांवर बसलेल्या मुलाला कोणी 'येथे अस्थी विरघळतात' असे सांगितले, तर तो माणूस रसायनशास्त्र सांगत नसतो. आई आता नदीची झाली, एवढेच त्याला म्हणायचे असते. बरण्यांमध्ये पाणी भरून त्याची परीक्षा घ्यायला निघालेला माणूस बुद्धिवादी असेलही, पण त्याला प्रसंगाचे भान नाही असेच मी म्हणेन.

दुसरे असे की, ही 'आमच्याकडे सगळे होते' अशी वृत्ती कोठून आली याचाही विचार व्हायला हवा. दीडशे वर्षे या समाजाला सांगितले गेले की तुमच्याजवळ ज्ञान नावाची वस्तूच नव्हती. ज्याचा अपमान झाला आहे तो कधी कधी अवाजवी बढाई मारतो. त्याला हसून तो सुधारत नाही. आपण ज्या सिंहस्थाचा उल्लेख केला, तो गुरू सिंह राशीत असताना भरतो, म्हणजे त्याचा पायाच ग्रहगणिताचा आहे. पंचांग सिद्ध करणाऱ्यांनी दुर्बिणीशिवाय गुरूची गती मोजली, ही गोष्ट खरी आहे ना? मग तिचे कौतुक आपल्या लेखात एका ओळीनेही का आढळत नाही?

आणि शेवटचा प्रश्न, जो विचारला की लोक नाराज होतात, तरीही मी विचारतो : आपली सगळी उदाहरणे हिंदूंचीच का?

मालेगावचा शिक्षक

पंचवटीकरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ते माझ्या घरातले आहे. पोलिओच्या डोसाविरुद्ध आमच्या शहरात काय काय अफवा पसरल्या होत्या ते आरोग्य खात्यातील जुन्या लोकांना ठाऊक आहे. २०१८ च्या अखेरीस गोवर-रुबेलाची लस शाळांमधून देण्यास सुरुवात झाली, तेव्हाही या लशीने मुलांना पुढे मूल होणार नाही, असे सांगणारे ध्वनिसंदेश पालकांमध्ये फिरत होते. गर्भशास्त्रापासून विश्वाच्या प्रसरणापर्यंतचे सारे शोध आमच्या धर्मग्रंथात आधीच आहेत, असे सांगणारी भाषणे माझे विद्यार्थी रोज ऐकतात, आणि त्याच भाषणांत उत्क्रांतीचा सिद्धान्त मात्र 'केवळ अंदाज' ठरवला जातो. तुर्कस्तानने २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढून टाकण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये आपल्याकडे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला या दोन बातम्या वेगवेगळ्या धर्मांच्या वाटत नाहीत.

हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला आणि तोंडी तलाक रद्द करण्याची मागणी केली. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. सर्वोच्च न्यायालयाने एकाच दमात दिलेला तिहेरी तलाक बेकायदा ठरवला तो २०१७ मध्ये. दलवाईंना त्यांच्याच माणसांनी गद्दार म्हटले, हे येथे सर्वांना आठवत असेल.

मात्र विवेकार्थींनाही मला एक सांगायचे आहे. ज्या वस्तीला आपण वेढलेले आहोत असे वाटत असते, त्या वस्तीत आतून प्रश्न विचारणारा माणूस दोन्ही बाजूंनी भरडला जातो. बाहेरून जितकी कुचेष्टा होते, तितके आतले दरवाजे अधिक घट्ट बंद होतात. माझ्या शाळेत लशीसाठी पालक तयार झाले ते कोणाच्या लेखामुळे नव्हे. मोहल्ल्यातल्या एका मौलानांनी स्वतःच्या नातवाला सर्वांसमोर टोचून घेतले, त्यामुळे. बुद्धिवादाच्या पुस्तकात ही पद्धत बसणार नाही, पण मुलांना गोवर झाला नाही.

कुंडली अभ्यासक

येथे ज्योतिषाचा थेट उल्लेख झालेला नाही, पण रोख कोणीकडे आहे ते दिसतेच. म्हणून आधीच सांगतो की, ज्योतिषाला छद्मविज्ञान म्हणण्यापूर्वी ते पारखण्याची पद्धत तरी योग्य हवी. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेल्या चाचणीचा दाखला सदैव दिला जातो. त्या चाचणीत ज्योतिषांना केवळ कुंडल्या दिल्या गेल्या. जातक समोर नव्हता, त्याची घरची परिस्थिती ठाऊक नव्हती, हात पाहता येत नव्हता. वैद्याला रुग्ण न दाखवता निदान करायला सांगावे, तसा तो प्रकार होता. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विद्यापीठांतील ज्योतिष अभ्यासक्रमाविरुद्धची याचिका फेटाळली आहे. न्यायालयाने जे नाकारले नाही, ते नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

विवेकार्थी

एकेका मुद्द्याचे उत्तर देतो, पण सुरुवात पंचवटीकरांपासून करतो, कारण त्यांचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे.

पायऱ्यांवर बसलेल्या मुलाला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, याबाबत आपले एकमत आहे. 'आई नदीची झाली' या वाक्याला पुरावा लागत नाही. परंतु हेच वाक्य उद्या 'येथील पाण्यात अस्थी विरघळवणारे विशेष रसायन असल्याचे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' असे होऊन पर्यटनाच्या चित्रफितीत आले, तर ते शोकाचे वाक्य उरत नाही. त्या क्षणी 'कोणत्या शास्त्रज्ञांनी?' असे विचारणे रास्त ठरते.

पंचांगाचे कौतुक मी केले नाही, ही उणीव नसून विषयाची मर्यादा होती, आता करतो. ग्रहण हे सावलीमुळे घडते हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास स्वच्छ लिहून ठेवले. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याकडे झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले : नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीपासून नवे नाक बसवले होते. ते वाचून इंग्रज शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू याने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये ती पद्धत आपल्या रुग्णावर वापरली. हा खरा इतिहास आहे, त्याला तारीख आहे, साक्षीदार आहेत. पण ही गोष्ट किती नाशिककरांना ठाऊक असेल? त्यांना ठाऊक असते ती हत्तीचे मस्तक जोडण्याची शल्यक्रिया. खोट्या बढाईने सर्वांत आधी खऱ्या पराक्रमालाच झाकून टाकले आहे, आणि ज्याचा खरोखरच अपमान झाला आहे त्याने तर या कारणासाठी माझ्यापेक्षा अधिक संतापायला हवे.

धर्माच्या नावावर विज्ञानाचा अंगरखा चढवणे ही केवळ आपली खोड नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डोव्हर या गावाच्या शाळामंडळाने उत्क्रांतीला पर्याय म्हणून 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हे मत, वर्गात आणली. पालक न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००५ मध्ये निकाल लागला की हे विज्ञान नसून धर्ममत आहे. दावा लावणाऱ्या त्या पालकांत चर्चला जाणारेही होते. नाशिकमध्ये राहून मी नाशिकबद्दल लिहितो, म्हणून माझी उदाहरणे येथली आहेत.

आता कुंडली अभ्यासकांसाठी. त्या चाचणीत ज्योतिषांनी एवढेच सांगायचे होते की कुंडली हुशार मुलाची आहे की मतिमंद मुलाची. काय विचारले जाणार आहे हे त्यांना आधीच ठाऊक होते आणि ते मान्य करूनच त्यांनी भाग घेतला. प्रत्येकाला ४० कुंडल्या मिळाल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांपैकी सर्वाधिक अचूक उत्तरे होती २४, आणि सर्वांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. जातक समोर असला तर उत्तर येते असे आपण म्हणता, तेव्हा उत्तर जातकाकडे पाहून येते, ग्रहांकडे पाहून नव्हे, असेच आपण मान्य करत आहात. अभ्यासक्रम चालवू द्यावा की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न होता. कुंडलीतील भाकीत खरे ठरते का, हा प्रश्न निकालपत्राने सुटत नाही.

कालसर्पाचेच घ्या, ज्याच्या शांतीसाठी देशभरातून लोक त्र्यंबकला येतात. राहू आणि केतू हे चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जेथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू. ते कायम समोरासमोर असतात. बाकीचे सातही ग्रह त्यांच्या एका बाजूला आले की कालसर्प झाला. यांपैकी चंद्राला एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जायला साडेतेरा दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे उरलेले सहा ग्रह एका बाजूला असले की महिन्यातील जवळजवळ अर्धे दिवस जगात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या कुंडलीत हा योग येणारच. एकट्या भारतात रोज ६० हजारांच्या वर मुले जन्मतात. त्या साडेतेरा दिवसांत आठ लाखांहून अधिक मुलांचे नशीब एकाच सर्पाने वेढलेले असते असे मानावे लागेल. ज्या नवऱ्याची नोकरी गेली आहे आणि ज्या मुलीचे लग्न जमत नाही, त्यांना हा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. त्यांच्यासमोर मांडले जातात ते दक्षिणेचे दर. यावर कोणाची उपजीविका चालते हे मला ठाऊक आहे आणि ती चालावी अशीच माझी इच्छा आहे, पण भय निर्माण करून ती चालू नये.

ओझरकर

विमान जोडणीच्या कामात उमेदीची वर्षे गेल्यामुळे पुष्पक विमानाची चर्चा कोठेही निघाली की मला राहवत नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा आमच्याकडच्या तरुण अभियंत्यांनीही तो अभिमानाने एकमेकांना पाठवला. ज्या ग्रंथाच्या आधाराने हे सांगितले जाते, त्याचा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच केला होता. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असून त्यात रेखाटलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ग्रंथ बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट उरते. विमानाच्या एका पंखामागे खाणी असतात, मिश्रधातू बनवणाऱ्या भट्ट्या असतात, हजारो रिव्हेट असतात, मोजमापाची साधने असतात, इंधन शुद्ध करणारे कारखाने असतात आणि यांतून निघणाऱ्या टाकाऊ मालाचे ढिगारे असतात. जमिनीखालून आपल्याला हडप्पाकालीन वजने सापडतात, मणी सापडतात, फुटलेली मडकी सापडतात. मग एवढ्या मोठ्या उद्योगाचा एकही रिव्हेट का सापडू नये? ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या नव्या जोडणीमार्गावरील पहिले तेजस मार्क-१ए उडाले, तेव्हा धावपट्टीकडे पाहणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचा अभिमान खऱ्या वस्तूचा होता. पंचवटीकर, तो अभिमान अपुरा आहे असे आपल्याला खरेच वाटते का?

सुरगाण्याची परिचारिका

मी विवेकार्थींच्या बाजूची आहे असे वाटून कोणी मला टाळ्या देऊ नयेत, कारण माझी तक्रार त्यांच्याबद्दलच आहे. आपली सर्व चर्चा मोबाइल, मालिका आणि पॉडकास्ट यांभोवती फिरते आहे. आमच्या पाड्यांवर साप चावलेला माणूस आधी भगताकडे नेला जातो. ते मूलतत्त्ववादाने किंवा छद्मविज्ञानाने घडत नाही. भगताचे घर हाकेच्या अंतरावर असते, तो रात्री दार उघडतो, पैशासाठी अडून बसत नाही आणि रुग्णाच्या म्हातारीशी तिच्या बोलीत बोलतो, म्हणून घडते. आमच्याकडे यायचे तर पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो.

भगताचा गुण येतो असे लोकांना वाटते, यालाही कारण आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. हे रुग्ण कशानेही बरे झाले असते, पण श्रेय मंत्राला जाते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावून विष भिनले असेल, तर प्रतिसर्पविषाखेरीज इलाज नाही आणि गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. सर्पदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदवून उद्याचा रुग्ण वाचत नाही. आम्ही भगतांनाच बसवून सापांची चित्रे दाखवली, 'तुमचा अंगारा लावा, पण गाडी आधी बोलवा' असे सांगितले, आणि काहींनी ते ऐकले. आपल्या शास्त्रशुद्ध कसोटीला अंगाऱ्याची ही सूट चालणार नसेल, तर आपण एकदा येथे रात्रपाळी करून पाहावी.

विवेकार्थी

परिचारिकाताईंची सूट मला चालते. भगताचा अंगारा गाडीची वाट अडवत नसेल, तर माझा त्याच्याशी वाद नाही. ज्यांच्यासमोर शहरातील सर्व रुग्णालये उघडी आहेत आणि तरीही जे कर्करोगाच्या गाठीवर यंत्र-ताईत विकतात, त्यांच्याशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दैवी शक्तीचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती याच २०१३ च्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. त्या जाहिरातींचा ग्राहक ओढ्यापलीकडच्या पाड्यावर राहत नाही. तो गंगापूर रोडवर आणि इंदिरानगरात राहतो आणि त्याची मुले इंजिनिअर आहेत. राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये घातले गेले, ते मुख्यतः या ग्राहकासाठी आहे, असे मी मानतो.

पंचवटीकर

ओझरकरांना उत्तर देतो : नाही, तेजसचा अभिमान अपुरा वाटत नाही. कावसजीच्या नाकाची हकिकत मला खरोखर ठाऊक नव्हती आणि ती मी आता त्या चित्रफितीच्या जागी पाठवीन. पण कालसर्पाच्या हिशेबाने माझे समाधान झालेले नाही. विधी करून घेणारा माणूस दोन दिवस घर सोडतो, स्नान करतो, संकल्प सोडतो आणि आपल्या संकटाला नाव मिळाल्यामुळे हलका होऊन परततो. हा लाभ आपल्या गणितात कोठेच येत नाही आणि तोवर आपले गणित अपुरे आहे, असे माझे मत कायम राहील.

गोदेच्या पाण्याबद्दल मात्र थोडे बोलतो, कारण सिंहस्थात त्याचा प्रश्न येणारच. नदीच्या पाण्यात जंतू मारण्याची शक्ती असते, ही केवळ भाबडी समजूत नाही. हँकिन नावाच्या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टिकत नसल्याचे नोंदवले होते. हा आपल्या दृष्टीने पुरावा आहे की नाही?

विवेकार्थी

आहे, आणि तो मी आनंदाने मान्य करतो. जंतूंना खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, पुढे १९१७ मध्ये डेरेल याने नावानिशी ओळखले आणि हँकिनची नोंद त्या इतिहासाचा भाग मानली जाते. पण असा प्रत्येक विषाणू ठरावीक जंतूलाच मारतो. आणि गटाराचे पाणी सतत मिसळत असेल तर नवे जंतू येण्याचा वेग त्याच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून १८९६ चा पुरावा २०२७ च्या रामकुंडाला लावता येणार नाही. त्यासाठी त्या दिवसाचे पाणी मोजावे लागेल. स्नानयोग्य पाण्याचे सरकारी निकष ठरलेले आहेत : जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये २,५०० च्या वर नकोत. पर्वकाळात हे आकडे रामकुंडावर आणि खाली तपोवनात कपिला संगमाजवळ, ठळक मराठीत, रोज फलकावर लिहिले जावेत, अशी मागणी आपण दोघांनी मिळून का करू नये?

पंचवटीकर

मी सही करतो. माझ्या अटी दोन आहेत. आकडे चांगले आले तरी लावायचे आणि वाईट आले तरी लावायचे. आणि वाईट आले त्या दिवशी ते नदी अस्वच्छ ठेवणाऱ्यांविरुद्ध वापरायचे, तिच्यात उतरणाऱ्यांविरुद्ध नाही.

विवेकार्थी

दोन्ही मान्य. मसुद्यात आणखी एक ओळ घालावी लागेल : कोलिफॉर्मच्या चाचणीला जंतू वाढू द्यावे लागतात आणि त्यात एक-दोन दिवस जातात, तेव्हा फलकावरील आकडा कोणत्या तारखेच्या, कोणत्या वेळेच्या नमुन्याचा आहे ते त्याच्या शेजारीच लिहिलेले असावे. मसुदा मी रविवारपर्यंत तयार करतो. नदीकाठच्या कोणत्या पायरीवरून नमुना घ्यायचा, ते आपण सांगा, कारण तो घाट आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.